हास्य एकट्याने किती पेलते? : हारेम कॉमेडी ॲनिमेच्या अभ्यासाची प्रस्तावना

जपानी ॲनिमेशन मालिकांमध्ये, म्हणजे जगभर ज्यांना 'ॲनिमे' म्हणतात त्या मालिकांमध्ये, 'हारेम कॉमेडी' हा प्रकार गेली कित्येक दशके टिकून आहे. एखाद्या साध्यासुध्या, बहुधा विद्यार्थिदशेतल्या नायकाभोवती तीन किंवा त्याहून अधिक नायिका जमतात, त्या सगळ्यांचा जीव त्याच्यावर जडतो आणि त्यातून उडणारा गोंधळ हाच कथेचा व हास्याचा मुख्य स्रोत ठरतो, अशी या प्रकाराची ढोबळ व्याख्या करता येते. नायिका एक आणि तिच्याभोवती नायक अनेक अशी मांडणी असेल, तर तिला 'रिव्हर्स हारेम' म्हणतात. या मालिकांकडे हलकीफुलकी करमणूक म्हणून पाहिले जाते आणि त्यात गैर काही नाही. परंतु हलकेपणा साधणे हे कलेच्या दृष्टीने अवघड काम असल्यामुळे तो कशाच्या आधारावर उभा राहतो, हे तपासणे अगत्याचे ठरते. कथानक जेमतेम आहे, प्रेमाचा निर्णय लांबणीवर टाकलेला आहे आणि पात्रे ठरावीक साच्यांतली आहेत, अशा मालिकेला केवळ हास्य तारून नेऊ शकते काय, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

हा प्रश्न नेमका कोठून उद्भवतो, हे समजण्यासाठी या प्रकाराच्या घडणीकडे पाहावे लागते. रुमिको ताकाहाशी यांची 'उरुसेई यात्सुरा' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथामालिका, 'शोनेन संडे' या साप्ताहिकात १९७८ साली सुरू झाली आणि १९८७पर्यंत चालली; तिच्यावरची दूरचित्रवाणी मालिका १९८१ ते १९८६ या काळात प्रसारित झाली. मुलींच्या मागे धावणारा आतारू आणि त्याच्यावर जीव टाकणारी परग्रहवासी लुम यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या या कलाकृतीत पुढच्या हारेम कॉमेडीची बरीचशी सामग्री तयार झाली होती. १९९२ साली थेट व्हिडिओवर प्रकाशित होऊ लागलेल्या 'तेन्ची मुयो! र्यो-ओकी' या मालिकेने एका मुलाच्या घरात एकामागून एक मुली येऊन राहतात, ही मांडणी पक्की केली. १९९४ साली कोनामी या कंपनीने काढलेल्या 'तोकिमेकी मेमोरियल' या व्हिडिओ गेममध्ये खेळणाऱ्याला उच्च माध्यमिक शाळेची तीन वर्षे मिळतात आणि निरोपाच्या दिवशी एखाद्या मुलीने प्रेमाची कबुली द्यावी, हे त्याचे ध्येय असते; प्रत्येक मुलीचा स्वभाव वेगळा आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाटही वेगळी, ही कल्पना अशा खेळांनी रुळवली. केन आकामात्सू यांची 'लव्ह हिना' १९९८ साली 'शोनेन मॅगझीन'मध्ये सुरू झाली आणि २००० साली तिचे ॲनिमे झाले, तोपर्यंत या प्रकाराचा आराखडा ठरून गेला होता.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. गेमच्या प्रभावामुळे हारेम कॉमेडीच्या पोटात एक वचन शिरले : शेवटी कोणीतरी एक निवडली जाईल. दूरचित्रवाणीच्या व्यवहारात मात्र हे वचन पाळणे कठीण असते. जपानमध्ये प्रसारणाचे वर्ष तीन-तीन महिन्यांच्या सत्रांत विभागलेले असते; अशा सत्राला 'कूर' म्हणतात आणि त्यात साधारणपणे बारा ते तेरा भाग बसतात. पुष्कळदा मूळ मांगा अजून चालू असतानाच तिचे ॲनिमे होते, त्यामुळे बाराव्या भागाच्या शेवटी निवड होऊ शकत नाही आणि नायक जेथे होता तेथेच राहतो. कथेला शेवट उपलब्ध नसताना प्रेक्षकाला बारा आठवडे धरून ठेवण्याची जबाबदारी मग हास्यावर येऊन पडते. म्हणजेच 'हास्य पुरेसे आहे काय' हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नसून तो या प्रकाराच्या निर्मितिव्यवस्थेतूनच निर्माण झालेला आहे.

विनोदाची शास्त्रीय चिकित्सा मराठीला नवी नाही, न. चिं. केळकर यांच्या 'हास्यविनोदमीमांसा' या ग्रंथाने त्या चर्चेला भक्कम पाया दिला आहे. त्याहून मागे गेल्यास भरताच्या नाट्यशास्त्रात प्रस्तुत प्रश्नावर चांगला प्रकाश टाकणारे दोन विचार आढळतात. एका बाजूने भरत हास्याला स्वतंत्र रस मानतो आणि 'हास' हा त्याचा स्थायी भाव, म्हणजे रसाच्या तळाशी सतत टिकून राहणारी भावना, असे सांगतो. दुसऱ्या बाजूने तो हास्याची उत्पत्ती शृंगारातून झाल्याचे सांगतो आणि शृंगाराची अनुकृती म्हणजे हास्य असे त्याचे स्वरूप वर्णितो. पहिल्या विचारानुसार हास्य स्वतःच्या पायावर उभे राहू शकते; दुसऱ्यानुसार त्याला कोणत्यातरी आसक्तीची पूर्वपीठिका लागते. हारेम कॉमेडी ही शब्दशः शृंगाराची अनुकृती आहे, कारण तिच्यात प्रेमिकांच्या सगळ्या चेष्टा, म्हणजे चोरटी नजर, रुसवा, मत्सर आणि कबुली, अतिशयोक्त होऊन येतात. त्यामुळे या दोन विचारांमधला ताण तिच्या बाबतीत प्रत्यक्ष तपासून पाहता येतो.

त्याच परंपरेतली आणखी एक बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे. दहा रूपकांपैकी, म्हणजे नाट्यप्रकारांपैकी, निखळ हास्याला वाहिलेला प्रकार म्हणजे प्रहसन, आणि त्याचा पल्ला आखूड असतो. सातव्या शतकातील पल्लव राजा महेंद्रवर्मा याचे 'मत्तविलास' हे प्रसिद्ध प्रहसन एकाच अंकाचे आहे. हास्याचा जोर तीव्र असला, तरी तो लवकर सरतो, ही जाणीव या आखूड पल्ल्यात दिसते. प्रेक्षकाला एकदा हसवून झाले की तीच गोष्ट दुसऱ्यांदा तेवढे हसवीत नाही. करुणेचे किंवा उत्कंठेचे मात्र तसे नसते, ती प्रसंगागणिक साठत जाते. म्हणून हास्याच्या सामर्थ्याचा विचार करताना ते एका क्षणाला, एका भागाला की संपूर्ण मालिकेला पेलते, हा भेद करणे आवश्यक ठरते.

हारेम कॉमेडीतील हास्याची यंत्रणा समजून घेण्यासाठी 'मान्झाई' या जपानी रंगप्रकाराची ओळख हवी. ओसाका परिसरात भरभराटलेल्या या प्रकारात दोन कलावंत एकमेकांशी बोलतात. त्यांतला एक 'बोके', म्हणजे वेड्यासारखे, अवास्तव बोलणारा, आणि दुसरा 'त्सुक्कोमी', म्हणजे त्याची चूक तत्क्षणी पकडून त्याला फटकारणारा असतो. हास्य बोकेच्या वेडेपणात असते, पण ते प्रेक्षकापर्यंत पोहोचवण्याचे काम त्सुक्कोमी करतो, कारण शहाणपणाची मोजपट्टी त्याच्या हातात असते. हारेम कॉमेडीत ही विभागणी अनेक पात्रांमध्ये पसरते. बहुतेक मालिकांत नायिका बोके असतात आणि नायक त्सुक्कोमी असतो. या वाटणीत एक धोका असा की, नायक केवळ इतरांवर प्रतिक्रिया देणारा उरतो आणि त्याच्यावर इतक्या जणींचे प्रेम का बसावे, याचे उत्तर मिळत नाही. ज्या मालिका ही वाटणी बदलून पाहतात, त्यांच्यातच हास्याला अधिक अवकाश मिळालेला दिसतो.

याखेरीज ॲनिमे या माध्यमाचा स्वतःचा एक नियम आहे. मांगा वाचताना एका चौकटीवर किती वेळ थांबायचे हे वाचक ठरवतो. ॲनिमेत तो अधिकार दिग्दर्शकाकडे आणि आवाज देणाऱ्या कलावंतांकडे जातो. सुमारे चोवीस मिनिटांच्या भागातून प्रत्येकी दीड मिनिटाची दोन शीर्षकगीते वजा केली, तर एकवीस मिनिटे उरतात आणि तेवढ्यात विनोदाची मांडणी, चढण आणि फटका हे सारे बसवावे लागते. चेहरा बदलण्यापूर्वीचा अर्ध्या सेकंदाचा विराम लांबला किंवा आखूड झाला, तरी कागदावर उत्तम असलेला विनोद पडद्यावर पडतो. त्यामुळे ॲनिमेतील हास्याविषयी बोलताना संवादांइतकाच काळाच्या मोजणीचा विचार करावा लागतो.

आता प्रत्यक्ष कलाकृतींकडे वळता, हास्य एकट्याने पुरते या पक्षाचा सर्वांत बळकट पुरावा 'उरुसेई यात्सुरा' हाच आहे. पाच वर्षे चाललेल्या त्या मालिकेत आतारू आणि लुम यांचे नाते तत्त्वतः एक पाऊलही पुढे सरकत नाही. तो इतर मुलींच्या मागे धावतो, ती त्याला विजेचा झटका देते आणि पुढच्या आठवड्यात सारे पूर्ववत होते. तरीही ती मालिका थकत नाही, याचे कारण तिची रचना सलग कथेची नाही. प्रत्येक भाग हे स्वतंत्र प्रहसन आहे. त्यात कधी परग्रहवासी येतात, कधी लोककथांमधली भुते, तर कधी शाळेतलाच एखादा क्षुल्लक वाद भडकून युद्धाचे रूप घेतो. निवडीचे वचन तिने दिलेलेच नसल्यामुळे ते न पाळल्याचा दोष तिला लागत नाही. छोट्या रचनांची साखळी असेल आणि प्रत्येक कडीत कल्पकता ताजी असेल, तर हास्य दीर्घकाळ पुरते, असा निष्कर्ष येथून निघतो.

पण याच मालिकेच्या पोटातून त्या निष्कर्षाला पहिली हरकतही आली, ही गोष्ट फार मोलाची आहे. मालिकेचे मुख्य दिग्दर्शक मामोरू ओशीई यांनी १९८४ साली 'ब्यूटिफुल ड्रीमर' हा तिच्यावर आधारित चित्रपट केला. त्यात शाळेच्या महोत्सवाच्या आदल्या दिवसाची गडबड पुनःपुन्हा घडत राहते, उद्या उजाडतच नाही आणि हळूहळू शहर ओस पडून फक्त मित्रमंडळी उरते. अखेर हे सारे लुमचे स्वप्न असल्याचे उघड होते, कारण सर्वांनी असेच कायम एकत्र राहावे, ही तिची इच्छा असते. कधीही न बदलणाऱ्या विनोदी जगाची मोहिनी आणि त्यातली कोंडी ही दोन्ही त्या चित्रपटाने एकाच वेळी दाखवली. मूळ मांगाचा शेवटही अर्थपूर्ण आहे. आरंभी ज्या शिवाशिवीच्या शर्यतीने आतारू व लुमची गाठ पडली, तीच शर्यत शेवटी पुन्हा होते. आतारूने प्रेमाची कबुली दिली तर ती थांबणार असते, पण तो ती देत नाही आणि तरीही त्याच्या वागण्यातून लुमला जे कळायचे ते कळते. इतकी वर्षे ज्या धावपळीवर वाचक हसला, तिच्या तळाशी आसक्ती होती, हे ताकाहाशी यांनी येथे उघड केले. म्हणजे हास्य एकटे वाटत होते तेव्हाही ते एकटे नव्हते.

'लव्ह हिना'ने वेगळा मार्ग घेतला. केइतारो उराशिमा हा तोक्यो विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत दोनदा नापास झालेला 'रोनिन' आहे. प्रवेशासाठी पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याला जपानमध्ये हा शब्द वापरतात. आजीच्या जुन्या सरायीचे झालेले मुलींचे वसतिगृह सांभाळण्याचे काम त्याच्या वाट्याला येते. येथले हास्य मुख्यतः धडपडीचे आहे : तो अडखळतो, भलत्या ठिकाणी पोहोचतो आणि तिथल्या नारू या मुलीचा ठोसा खाऊन आकाशात भिरकावला जातो. हा विनोद लवकर झिजतो, आणि त्यात एक नैतिक अडचणही आहे, कारण अपघाताच्या सबबीवर मुलींच्या खाजगीपणाचा भंग विनोदाचा विषय होतो. 'फॅनसर्व्हिस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, प्रेक्षकाच्या नजरेला खूश करणाऱ्या अशा प्रसंगांनी या प्रकाराची बरीच हानी केली आहे. ज्याच्यावर प्रसंग गुदरतो त्याचा संकोच खरा आणि हसणाऱ्याचा आनंद त्याच्या जिवावर, अशी स्थिती झाली की हास्यातला हलकेपणा नाहीसा होतो. तरी 'लव्ह हिना' टिकते, ती परीक्षेमुळे. अभ्यास, निकाल, निराशा आणि पुन्हा प्रयत्न या क्रमाने काळ पुढे सरकतो, आणि आज ठोसा खाणारा मुलगा उद्या कदाचित उत्तीर्ण होईल, ही आशा विनोदाला आधार देते. येथे हास्य एकटे नाही. परीक्षेने त्याचा निम्मा भार उचलला आहे.

हास्य आणि भाव यांचा याहून सूक्ष्म संबंध बिस्को हातोरी यांच्या मांगावर आधारित, २००६ साली बोन्स या स्टुडिओने केलेल्या सव्वीस भागांच्या 'ओरान हायस्कूल होस्ट क्लब' या रिव्हर्स हारेममध्ये पाहायला मिळतो. शिष्यवृत्तीवर श्रीमंतांच्या शाळेत शिकणारी हारुही ऐंशी लाख येनची फुलदाणी फोडते आणि ते कर्ज फेडण्यासाठी मुलगा म्हणून, मुलींची करमणूक करणाऱ्या मुलांच्या एका मंडळात काम करू लागते. बोके येथे सगळे मुलगे आहेत आणि शांत, व्यवहारी हारुही ही त्सुक्कोमी आहे. इन्स्टंट कॉफीला 'सामान्य जनांची कॉफी' मानून कौतुकाने न्याहाळणाऱ्या मुलांकडे ती ज्या नजरेने पाहते, तिच्यातूनच वर्गभेदाचा विनोद आकाराला येतो. या मंडळातील हिकारू व काओरू हे जुळे भाऊ 'हिकारू कोणता ते ओळखा' असा खेळ गिऱ्हाइकांशी खेळत असतात आणि तो सुरुवातीला निव्वळ विनोदाचा भाग वाटतो. हारुही त्यांना अचूक ओळखते, तेव्हा त्याच खेळाचा अर्थ पालटतो, कारण आपल्याला कोणीही वेगवेगळे पाहत नाही, या जुन्या एकाकीपणावर तो खेळ उभा असल्याचे प्रेक्षकाच्या ध्यानात येते. एकदा हसवून संपलेला विनोद येथे दुसरा जन्म घेतो, आणि हास्य मालिकेच्या लांबीला कसे पुरते, याचे एक उत्तर या दुसऱ्या जन्मात आहे.

या दृष्टीने नायकाच्या किंवा नायिकेच्या 'न कळण्या'चाही पुनर्विचार करावा लागतो. समोरच्याचे प्रेम लक्षातच न येणे, ही या प्रकाराची सर्वांत घासलेली युक्ती आहे आणि पुष्कळदा ती केवळ निर्णय लांबवण्यासाठी वापरली जाते. २०२० सालच्या 'हामेफुरा' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालिकेत मात्र कातारिना क्लेस हिच्या न कळण्याला कारण आहे. एका प्रेमविषयक व्हिडिओ गेमच्या जगात आपण खलनायिका म्हणून जन्मलो असून शेवटी हद्दपारी किंवा मृत्यू अटळ आहे, हे तिला आठ वर्षांची असतानाच उमगते. मग हद्दपारीत उपयोगी पडावी म्हणून ती शेती शिकते आणि आपल्या मनातल्या मनात पाच कातारिनांची सभा भरवून डावपेच ठरवते. भीतीपोटी ती सर्वांशी चांगली वागते, त्या चांगुलपणाने इतरांची आयुष्ये सुधारतात, आणि ते सारे तिच्या प्रेमात पडले आहेत, हे तिला दिसत नाही, कारण तिची नजर फक्त संकटावर खिळलेली असते. विनोद आणि स्वभाव येथे एकाच मुळातून उगवतात.

या सगळ्याची सर्वांत धाडसी परीक्षा रिकितो नाकामुरा यांनी लिहिलेल्या आणि युकिको नोझावा यांनी रेखाटलेल्या, २०१९च्या अखेरीस 'यंग जंप' साप्ताहिकात सुरू झालेल्या मांगाने घेतली. नायकाला शंभर प्रेयसी असणार, हेच तिच्या लांबलचक शीर्षकात सांगून टाकलेले आहे. तिचे ॲनिमे २०२३ साली बिबुरी ॲनिमेशन स्टुडिओने केले. शंभर वेळा नकार पचवलेल्या रेंतारो आइजोला प्रेमाचा देव सांगतो की त्याच्या नशिबी शंभर जन्मजोडीदार आहेत आणि त्यांच्यापैकी जिच्याशी त्याचे प्रेम जुळणार नाही तिच्यावर मृत्यू ओढवेल. त्यामुळे निवडीचा प्रश्नच निकालात निघतो : तो सर्वांवर प्रेम करणार, हे पहिल्याच भागात ठरते. कोण जिंकेल ही उत्कंठा गेली, गैरसमजाची लांबण गेली, आणि उरले ते हास्य.

मग ती मालिका कशावर तगते? प्रत्येक नायिका एकाच गुणाची टोकाची अतिशयोक्ती आहे. कारने इंदा ही 'त्सुंदेरे', म्हणजे वरून फटकळ व आतून मायाळू, तर कुसुरी याकुझेन ही रसायनांच्या नादात भलतीसलती औषधे बनवणारी आहे. पण सर्वांत मोठा बोके स्वतः रेंतारो आहे, आणि त्याचा वेडेपणा म्हणजे निष्ठेची परिसीमा. शिझुका योशिमोतो ही तोंडाने बोलू न शकणारी मुलगी आपल्या आवडत्या पुस्तकातल्या ओळींवर बोट ठेवून संवाद साधते, तेव्हा रेंतारो ते संपूर्ण पुस्तक फोनवरच्या वाचक-ॲपमध्ये टंकून काढतो, जेणेकरून तिला आवाज मिळावा. कोणी हौसेने एवढे करत नाही, म्हणून प्रेक्षक हसतो. कोणीतरी एवढे करावे असे वाटते, म्हणून तो हेलावतो. अतिशयोक्ती एकच आहे आणि तिच्यातूनच हास व रती, म्हणजे प्रेमभावना, हे दोन्ही भाव उत्पन्न होतात. शृंगाराच्या अनुकृतीतून हास्य जन्मते, या भरताच्या विचाराचे इतके स्पष्ट आधुनिक उदाहरण विरळाच.

यावर असा आक्षेप घेता येईल की, दिवसभराच्या कामानंतर वीस मिनिटे हसू मिळाले, तर हलक्याफुलक्या मालिकेकडून आणखी काही मागणे हा टीकाकारांचा हट्ट आहे. या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचा आदर व्हायला हवा. हसवणे हे कमी प्रतीचे काम मानण्याची वृत्ती कोणत्याही भाषेतील विनोदी वाङ्मयाला मारकच ठरलेली आहे. परंतु येथे मागणी गांभीर्याची नाही. अनेक हारेम मालिका शेवटच्या दोन-तीन भागांत हास्य बाजूला सारून अश्रू, दुरावा आणि अचानक संकट आणतात, आणि तेथेच त्या बहुधा कोसळतात, कारण आधीच्या विनोदाने त्या दुःखाची कोणतीही पूर्वतयारी केलेली नसते. हास्याच्या जोडीला बाहेरून करुणा आणून बसवणे हा उपाय नव्हे. हास्यातच पात्राची इच्छा, भीती आणि जिव्हाळा मुरलेला असणे, हे खरे साध्य आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. सुट्या, स्वतंत्र, कल्पक भागांची साखळी असलेल्या मालिकेला हास्य एकट्याने पेलते, मात्र तिने निवडीचे आणि परिणतीचे वचन दिलेले नसावे. ज्या मालिकेने ते वचन दिले, किंवा जिने पात्रांच्या मनाला महत्त्व आहे असे प्रेक्षकाला सुचवले, तिला केवळ युक्त्यांचे हास्य काही भागांपलीकडे नेऊ शकत नाही. स्वभावातून आणि आसक्तीतून उपजलेले हास्य मात्र शेवटपर्यंत नेते, कारण तसा विनोद पुन्हा घडला तरी दर वेळी त्या पात्राविषयी थोडे अधिक सांगून जातो. या प्रकाराच्या कोणत्याही कलाकृतीचे मूल्यमापन करताना अभ्यासकाने प्रेक्षक किती वेळा हसला, हे मोजण्यापेक्षा हसताना त्याला त्या माणसांविषयी काय कळले, हे पाहावे, आणि हाच निकष पुढील अभ्यासाची दिशा म्हणून येथे मांडला आहे.